मार्सेलिसच्या 104 पायऱ्या

मंडळी, बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग कंटाळा. काल कपाट आवरताना साबणाची एक हिरवट वडी सापडली. ऑलिव्ह तेलाची, '72 टक्के' असा शिक्का मारलेली. 2023 च्या सप्टेंबरात मार्सेलिसहून आणली होती, अजून वास टिकून आहे. म्हटलं, आता तरी ते लिहून टाकावं.

मी इतिहासाची आणि माझी मैत्रीण भूगोलाची. 1975 च्या जूनमध्ये सोलापुरातल्या एकाच शाळेत आम्ही लागलो, मी तिच्या आधी अकरा दिवस. (हे अकरा दिवस लक्षात ठेवा.) तिची लेक ल्योंला असते. "आई, एकटी येऊ नकोस," म्हणाली, म्हणून सोबतीला मी. तिथून रेल्वेने पावणेदोन तासांवर मार्सेलिस. तिकडे म्हणतात मार्सेय. तीस-बत्तीस वर्षं मी फळ्यावर चुकीचा उच्चार शिकवला म्हणायचा!

स्टेशनाबाहेर पडलो तर समोर खाली उतरत गेलेला भला थोरला जिना. 104 पायऱ्या. दोघींचे गुडघे एकमेकींकडे बघायला लागले. उतरलो कसंबसं.

आणि मग ते गाव! जुन्या बंदरावर सकाळी मासळीचा बाजार, कोळणींची आरडाओरड थेट आपल्यासारखी. अल्जीरियाची, ट्युनिशियाची माणसं, मसाल्यांचे ढीग, पोरांचा फुटबॉल. बंदरावर 2013 साली एक आरशाचं छत उभारलंय, खाली उभं राहून वर पाहिलं की आपण उलटे दिसतो. मैत्रीण लिंगायत, कडक शाकाहारी. मासळीपाशी नाकाला पदर, "अय्यो शिवा!" करत होती, पण आरशाखाली शाळकरी पोरीसारखी दहा मिनिटं मान वर करून उभी.

टेकडीवरच्या चर्चमध्ये छताला लहान लहान बोटी टांगलेल्या, समुद्रातून वाचलेल्यांच्या नवसाच्या. ती हात जोडून म्हणाली, "नवस सगळीकडे सारखेच गं."

तिच्या जेवणाची काळजी होती, ती मिटली पानिसने. चण्याचं पीठ शिजवून, थापून, कापून तळतात. म्हणजे तळलेल्या पाटवड्याच की! तिने पर्समधून शेंगाचटणीची पुडी काढली. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी बोट लावून चाखली आणि दोन ग्लास पाणी प्यायले.

मला मात्र बंदर बघायचं होतं ते वेगळ्या कारणाने. 8 जुलै 1910 ला सावरकरांनी मोरिया बोटीतून इथे उडी मारली. दरवर्षी हा धडा मी इतक्या रंगात शिकवायचे, की पोरं बाकावर उभी राहायची. लाटा, गोळ्या, तासन्‌तास पोहणं! बंदराच्या काठावर बसून मी तेच सुरू केलं, तर मैत्रीण म्हणाली, "अगं, बोट बंदरातच होती. हेगच्या लवादाचा 1911 चा निकाल लेकीने परवा वाचून दाखवला. पोहत काठाला आले, पळाले, फ्रेंच पोलिसाने पकडून परत बोटीवर नेलं. एवढंच आहे त्यात. तू त्यांना उगीच किती पोहायला लावलंस!"

मला राग आला. खरं तर सावरकरांवरून नाही. मी म्हटलं, "तुला बरं सगळ्याचा खरा हिशेब माहीत असतो. मग 1998 चाही सांग."

पंचवीस वर्षं आम्ही रोज एकत्र चहा प्यायलो, पण हे कधी बोललो नव्हतो. पर्यवेक्षकाची जागा आली, सेवाज्येष्ठतेत मी वर, आणि ऑर्डर तिच्या नावाची. तिचे मामा तेव्हा संस्थेत होते. तिने जाऊन मागितली, असं मी धरून चालले. आमच्या घरात तर ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, आणि दरवर्षी थोडी वाढतही गेली.

ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. "मागितली नाही मी. मामांनी ऑर्डरच हातात दिली. पण नको, ही तिची आहे, असंही म्हणाले नाही. पोरीची इंजिनिअरिंगची फी होती, आणि ह्यांची मिल बंद पडलेली." मग म्हणाली, "तू विचारशील, विचारशील म्हणून पहिलं वर्षभर मी तयारी करून यायचे."

मला काही सुचेना. मिल बंद पडली होती हे मला माहीत होतं. फीचं कसं भागतंय, हे मात्र मी एकदाही विचारलं नव्हतं. उठले आणि आणखी एक प्लेट पानिस घेऊन आले. गारठा वाढला होता. लेकीसाठी सोलापूरहून आणलेली आणि तिथे उगीच वागवत फिरत असलेली चादर शेवटी आम्हीच दोघींनी पांघरली.

दुसऱ्या दिवशी परतताना त्याच 104 पायऱ्या, आता चढायच्या. चाळीसाव्या पायरीला मी बसले. ती वर जाऊन थांबली आणि माझी पिशवी घ्यायला परत खाली आली. मी म्हटलं, "व्हा पुढे, पर्यवेक्षक बाई."

त्या नावाने मी तिला कधीच हाक मारली नव्हती. ती हसली, आणि मोठ्याने पायऱ्या मोजायला लागली. एक्केचाळीस, बेचाळीस...