शून्य गुण, चार फाउल

बास्केटबॉलची स्कोअरशीट कधी जवळून पाहिली आहे का तुम्ही? एका बाजूला खेळाडूंची नावं, प्रत्येकाच्या नावापुढे फाउलच्या पाच चौकटी. दुसऱ्या बाजूला एकापासून पुढे छापलेले आकडे. बास्केट झाली की त्यावर खूण करायची. शाळेच्या स्पर्धेत एवढाच कागद असतो. कुणी किती गुण केले आणि कुणी किती चुका केल्या, हे त्यातून कळतं. कुणी काय अडवलं, ते लिहायला त्यावर जागाच नसते.

मला हे माहीत आहे, कारण बरीच वर्षं ती मी भरली आहे. उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस तिथे कसा, तर अक्षर चांगलं म्हणून! आमच्या खेळाच्या सरांनी एकदा टेबलाशी बसवलं, ते बसलोच.

परवा रात्री माझ्या मुलाने यूट्यूबवर एक जुना सामना लावला. 19 जून 1994, ह्यूस्टन. एनबीएच्या अंतिम मालिकेतला सहावा सामना, ह्यूस्टन रॉकेट्स विरुद्ध न्यूयॉर्क निक्स. मालिका सात सामन्यांची, चार जिंकेल तो विजेता. निक्स 3-2 ने पुढे. म्हणजे हा सामना हरला असता तर ह्यूस्टनचा खेळ खलास.

ह्यूस्टनकडे हकीम ओलाजुवॉन. लागोसचा, नायजेरियाचा. लहानपणी फुटबॉल आणि हँडबॉल खेळणारा हा मुलगा बास्केटबॉलकडे वळला तेव्हा चांगला पंधराएक वर्षांचा झाला होता. आपल्या लोकांना त्याची एक गोष्ट फार आवडते. 1995च्या फेब्रुवारीत रमजान होता, तो रोजे ठेवून खेळत होता, आणि त्या महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली. जुम्म्याच्या बयानात सांगावी अशीच गोष्ट आहे. पण मला त्या सहाव्या सामन्याचे शेवटचे काही सेकंद जास्त महत्त्वाचे वाटतात.

ह्यूस्टन 86, न्यूयॉर्क 84. चेंडू जॉन स्टार्क्सच्या हातात. त्या दिवशी त्याचे 27 गुण झाले होते, त्यातले 16 एकट्या चौथ्या क्वार्टरमध्ये. त्याला थांबवणं कुणाला जमत नव्हतं. त्याने तीन गुणांचा फटका उचलला. तो पडला असता तर सामना, मालिका, विजेतेपद, सगळं न्यूयॉर्कचं. ओलाजुवॉन स्वतःचा माणूस सोडून बाहेर धावला आणि त्याच्या बोटांचा चेंडूला निसटता स्पर्श झाला. चेंडू रिंगपर्यंत पोहोचलाच नाही.

त्या सामन्याच्या आकड्यांत ओलाजुवॉनचे 30 गुण आहेत, 10 रिबाउंड आहेत. आणि तो स्पर्श? ब्लॉकच्या रकान्यात एकाची भर. पहिल्या मिनिटाला, कुणालाच पर्वा नसताना केलेल्या ब्लॉकचाही तिथे एकच धरतात.

पुढे सातवा सामना ह्यूस्टनने 90-84 असा जिंकला. त्यात स्टार्क्सने 18 फटके मारले, 2 पडले. तीन गुणांचे 11 मारले, एकही नाही. आज त्याचं नाव काढलं की लोक 'अठरात दोन' म्हणतात. तीन दिवस आधीचे ते 16 गुण फार जणांना आठवत नाहीत. मी मास्तर माणूस, बेरीज केल्याशिवाय राहवत नाही. सातही सामन्यांचे गुण मांडले तर न्यूयॉर्कचे 608 आणि ह्यूस्टनचे 603. हरलेल्यांचे पाच गुण जास्त! चूक झाली असेल म्हणून पुन्हा मांडले. तेवढेच आले.

आणखी एक. एनबीएच्या यादीत सर्वात जास्त ब्लॉक ओलाजुवॉनचे आहेत, 3,830. पण ब्लॉक मोजायला सुरुवातच झाली 1973-74च्या हंगामात. त्याआधीचा बिल रसेल, अकरा विजेतेपदं मिळवलेला, ज्याची ओळखच अडवण्यासाठी होती, त्याच्या नावावर अधिकृत ब्लॉक एकही नाही. मोजणारा कुणी बसवलाच नव्हता.

इथे मुलाच्या हातून फोन घेतला आणि सामना थांबवला.

आमच्या शाळेचा एक सामना होता, पंधराएक वर्षांपूर्वीचा. त्या स्पर्धेतून जिल्ह्याच्या संघासाठी मुलं निवडणार होते. आम्ही 38-37 असे जिंकलो. शेवटचा फटका समोरच्या संघातल्या सर्वात उंच मुलाचा होता आणि आमच्या आठवीतल्या एका हडकुळ्या पोराने तो हाताने बाजूला केला. अख्खा सामना तो त्या उंच मुलाच्या अंगाला चिकटून होता. मी दोन हातांवर बसलो होतो, डोळ्यांनी पाहत होतो. निवड करणारे उशिरा आले. त्यांनी विचारलं, "सर, कुणाचे किती?" मी कागद वाचून दाखवला. ज्यांचे गुण होते त्यांची नावं वाचली. त्याच्या नावापुढे गुण काहीच नव्हते आणि फाउल चार. तेही त्याच उंच मुलाला अडवताना झालेले.

संध्याकाळी सामान टेम्पोत चढवताना त्याने विचारलं, "सर, माझं नाव नाही घेतलं?"

मी म्हणालो, "बेटा, तुझं शून्य होतं ना."

खोटं नव्हतं. कागदावर तसंच होतं. पण तोंडाने सांगायला मला कुणी मनाई केली होती? दोन वाक्यं पुरली असती. दिवाळीनंतर तो मैदानावर यायचा बंद झाला. मी कारण विचारलं नाही, कारण मला ते माहीत होतं.

आता त्याचं बस स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. माझा फोन त्याच्याकडेच जातो. काल स्क्रीनची काच बदलायला गेलो, तेव्हा तो शेवटचा फटका त्याला दाखवला. म्हणालो, "त्या दिवशी मी तुझं सांगायला हवं होतं."

तो काही बोलला नाही. काउंटरवर वाकून त्याने तो तुकडा परत पाहिला. मग तिसऱ्यांदा, बोटाने मागे घेत घेत.

"सर, हा आधी उडी नाही मारत. समोरच्याला आधी उडू देतो, बघा," तो म्हणाला. "मीपण तेच केलं होतं."

मग त्याने काच कापडाने पुसली, फोन माझ्या हातात दिला आणि शंभर रुपये सांगितले.