मोसंबीच्या सालीची साक्ष
आमच्या जालना जिल्ह्याची ओळख असलेल्या मोसंबीच्या सालीतील सुगंधी तेलात मुख्यतः लिमोनीन असते. टर्पेंटाइनमधील अल्फा-पायनीनचेही रेणुसूत्र तेच : दहा कार्बन, सोळा हायड्रोजन; रेणुभार १३६. वजनावरून दोघांत भेद होत नाही. चुंबकीय अनुस्पंदनाचा वर्णपट वाचायला शिकलो, तेव्हा आम्हांला तो दिसला. लिमोनीनमध्ये दुहेरी बंध दोन, म्हणून त्यांवरील हायड्रोजनांच्या खुणा ४.७ व ५.४ पीपीएमजवळ, अल्फा-पायनीनमध्ये बंध एक, खूण केवळ ५.२ जवळ.

वसतिगृहातील सायंवंदनेत धम्माला 'एहिपस्सिको' का म्हणत, हे तेथे उमगले : या, स्वतः पाहा. आडनावावरून माणूस जोखणाऱ्या समाजात आम्ही वाढलो. पुराव्यावरून ओळख ठरविणारी ही विद्या म्हणूनच आम्हांला मुक्तिदायी वाटली. शाळेतील धाकट्या भावंडांनीही ती शिकावी.