आबांनी ‘ख्रिस्ती’ का लिहिलं

परभणी

प्रिय सोनू,



वंशावळीसाठी पाठवलेल्या टीसी तू नीट वाचल्यास, बरं वाटलं. तुझ्या पप्पांच्या टीसीवर ‘ख्रिस्ती’ आणि त्यांच्या चुलत भावाच्या टीसीवर ‘हिंदू मांग’. दोघांचे वडील, आपले आबा आणि काका, सख्खे भाऊ, एकाच मंडळीत बाप्तिस्मा घेतलेले. मग खोटं कोण बोललं, असं तू विचारलंस. फोनवर हे उरकण्यासारखं नाही, म्हणून लिहिते.

आधी कायद्याचं सांगते. १९५० साली अनुसूचित जातींविषयी राष्ट्रपतींचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदानं ठरवलं, की हिंदू नसलेल्याला अनुसूचित जातीचा धरायचं नाही. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेरच आहेत. महाराष्ट्रात आपल्यासारख्यांना ओबीसीत धरतात, पण त्यानं अनुसूचित जातीची राखीव जागा मिळत नाही, अ‍ॅट्रॉसिटीच्या कायद्याचं संरक्षणही मिळत नाही.

गंगाखेड तालुक्यातल्या आपल्या गावानं मात्र हा परिच्छेद वाचलेला नव्हता. बाप्तिस्मा झाला म्हणून आबांची वस्ती बदलली नाही, पाणवठा बदलला नाही, हॉटेलातली कपबशी वेगळीच राहिली. गावाच्या लेखी ते होते तेच राहिले आणि सरकारच्या लेखी त्यांची जात संपली. ह्या दोन्हींच्या मधे आपलं घर सापडलं.

तुझ्या पप्पांना पहिलीत घातलं ते १९७३ साली. आदल्या वर्षीचा पाऊस गेलेला. आबा आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडायचे, पोरांना तिथली सुकडी मिळायची. नाव घालताना गुरुजींनी आबांना बाजूला घेतलं. माणूस चांगला होता, भल्याचंच सांगत होता. ‘हिंदू मांग लिहितो. पुढं वसतिगृह मिळेल, शिष्यवृत्ती मिळेल. चर्चला जायला तुम्हाला कोण अडवतंय?’ आबा म्हणाले, ‘पोराचा पहिलाच कागद खोटा नको, गुरुजी.’ एवढंच. शेजारच्या वस्तीत लोक छातीठोकपणे ‘बौद्ध’ लिहीत होते, त्यांचं आबांना फार कौतुक होतं. केंद्राच्या सवलतींसाठी त्यांनाही १९९० उजाडावं लागलं.

मंडळीत उपदेशात नारायण वामन टिळकांचं उदाहरण नेहमी येतं. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडला, हे खरंच मोठं काम. पण खडी फोडणाऱ्या माणसानं लेकराची शिष्यवृत्ती सोडली, हे कुणी उपदेशात सांगत नाही. मला ते तेवढंच मोठं वाटतं.

मात्र त्याची किंमत आबांनी एकट्यानं भरली नाही, हेही तुला कळायला हवं. पाचवीला पप्पांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही. परभणीत खोली करून द्यावी लागली. आईची चांदी गेली आणि सातवीनंतर माझी शाळा सुटली. एकाचाच खर्च झेपत होता, आणि तो मुलाचा झाला. मी कापूस वेचायला जाऊ लागले. पुढं बाहेरून दहावी केली, नर्सिंग केलं, पण ती मधली वर्षं गेलीच. आबांवर माझा राग खूप दिवस होता. तरी आज मला विचारशील, तर त्यांनी लिहिलं तेच बरोबर लिहिलं.

आणि काका? त्यांनी गुरुजींचं ऐकलं. त्यांचा मुलगा शिक्षक झाला. मंडळीत कुणी त्यांना बोललं नाही, पण प्रभुभोजनाच्या रविवारी काका कितीतरी वर्षं मागच्या रांगेतून उठले नाहीत. आबांच्या शेवटच्या आजारपणात नांदेडच्या दवाखान्याचं बिल त्या शिक्षकाच्या पगारातूनच भरलं गेलं. त्यांच्या कागदावरचं खोटं मी झाकत नाही. पण भूक आणि विश्वास यांतलं एक निवड, असं ज्या कायद्यानं त्यांना सांगितलं, त्याचा दोष मी मोठा धरते.

हा प्रश्न न्यायालयातही गेला. मद्रासला रस्त्याकडेला बसणाऱ्या सूसाई नावाच्या ख्रिस्ती चर्मकाराला सरकारी टपरी नाकारली गेली. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याची मागणी फेटाळली. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगानं तिसरा परिच्छेद काढून टाका, असं सांगितलं. सरकारनं ते मानलं नाही. २०२२ साली ह्याच प्रश्नासाठी बालकृष्णन आयोग नेमला. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचं सांगणं ही संविधानाची फसवणूक आहे. ते वाचून काका दोन दिवस जेवले नाहीत. न्यायालयाचं म्हणणं कायद्याला धरून असेल, पण जातीची झळ ज्याला बसते त्याचा देव कोणता, हे विचारायचा सरकारला काय अधिकार? तो परिच्छेद रद्दच व्हायला पाहिजे.

नाताळला येशील तेव्हा आधी काकांच्या घरी उतर. टीसीचा विषय त्यांच्यापुढं काढू नकोस. आणि वंशावळीत धर्म लिहिणार असशील, तर दोन्ही घरांपुढं ‘ख्रिस्ती’ असंच लिही.

तुझी,
आत्या