परग्रहावरचं चातुर्वर्ण्य

रात्री अभ्यासिकेतून परतल्यावर आम्ही कोल्हापुरातले चार-पाच मित्र मोबाईलवर 'स्टार ट्रेक' बघतो. घरच्यांना हा टाईमपास वाटतो. वाटू दे.

आधी गंमत वाटली, मग खटकलं. क्लिंगॉन म्हणजे लढवय्ये, व्हल्कन म्हणजे बुद्धिवान, फेरेंगी म्हणजे नफेखोर व्यापारी. अख्ख्या ग्रहाला जन्मानेच एक धंदा, एक स्वभाव! हे तर आपल्या ओळखीचं चातुर्वर्ण्य. असे परग्रही कपाळावरून, कानावरून ओळखू येतात, पण मनात घर करत नाहीत.

घर करतो तो नॉग. 'डीप स्पेस नाईन'च्या १९९५ मधल्या एका भागात हा फेरेंगी पोरगा स्टारफ्लीटमध्ये जायचं म्हणतो. त्याला शिफारस हवी कमांडर सिस्कोची. सिस्को स्वतः काळा माणूस. तरी त्यालाही संशय, की फेरेंगी आहे म्हणजे काहीतरी डाव असणार. परीक्षा म्हणून नॉगला गोदामातल्या मालाची मोजदाद करायला लावतात. तो ती चोख करतो. तरी नकारच! तेव्हा नॉग फुटतो. बाप यंत्रांत हुशार, संधी मिळती तर जहाजाचा मुख्य इंजिनियर झाला असता. पण फेरेंगी, म्हणून धंद्यात सडला.

आम्ही तिथे भाग थांबवला. आमच्यातल्या एकाचे वडील गटारसफाईला जातात. मोटारसायकल दुरुस्तीत त्यांचा हात धरणारा गल्लीत कुणी नाही.

याच शहरात गंगाराम कांबळेंनी हॉटेल काढलं आणि शाहू महाराज तिथे जाऊन चहा प्यायले. नेमून दिलेलं काम सोडणाऱ्याच्या पाठीशी कुणीतरी उभं राहावं लागतं. सिस्को उशिरा का होईना, राहिला.

आणि नॉगचा बाप रॉम? त्याने पुढे भावाच्याच बारमध्ये नोकरांची युनियन काढून संप केला. तो भाग आम्ही दोनदा पाहिला.