कोपऱ्याला कोपरा

कागदाचा चौकोन दिसायला गरीब. चार बाजू, चार कोपरे, कसाही ठेवा तसा पडून राहतो. पण एकदा घडी घातली की गडी आपला स्वभाव दाखवायला लागतो. डूख धरणारा आहे तो. घडीच्या रेषेत कागदाचे तंतू दबतात, काही मोडतात, आणि मग तुम्ही उलगडा, वरून हात फिरवा, इस्त्री करा, रेषा काही जात नाही. चुकीच्या जागी घडी पडली आणि तिच्या शेजारी अर्ध्या मिलिमीटरवर तुम्ही बरोबर घडी घातली, तरी पुढच्या वेळी चौकोन पहिल्याच रेषेवर मोडतो. समजूत घालून उपयोग नसतो.

त्याचा जन्मही सरळ नाही. बाजारात मिळतो तो आयत. ए-फोर म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर, त्यातून २१०चा चौकोन काढला की ८७ मिलिमीटरची पट्टी उरते. घरी कात्रीने कापलेला चौकोन बहुधा चौकोन नसतोच. एक बाजू १५० आणि दुसरी १५१ झाली तर डोळ्याला काही कळत नाही, पण कर्णावर घडी घालताच कोपऱ्याला कोपरा लागत नाही, आणि तिथून पुढे प्रत्येक घडी मागच्या घडीची चूक व्याजासकट पुढे नेते. कागदाचा बैल करत असाल तर त्याच्या शेवटच्या खुरापर्यंत पोचेस्तोवर तो एक मिलिमीटर चांगला बाळसं धरून असतो. म्हणून पट्टीने मोजत बसण्यापेक्षा दोन्ही कर्णांवर दुमडून पाहावं. चौकोन आपली खरी मापं तिथे लपवू शकत नाही.

अकोल्यात बाईंडिंगवाल्याकडे कागद कापायला दिला तर काम झटक्यात होतं. मोठ्या कटिंग मशीनचं पातं खाली येतं आणि शंभरेक पन्ने एकदम चौकोनी होतात. पण तिथेही जाणता माणूस गठ्ठ्यातला वरचा कागद उचलून देत नाही. ‘‘वरचे-खालचे सोडून द्या जी, मधातले घ्या. मधातलं कटिंग सही येते.’’ कारण साधं आहे. पातं खाली दाबत जाताना गठ्ठा किंचित सरकतो, ओढला जातो, आणि वरच्या कागदात नि तळच्या कागदात केसाएवढा फरक पडतो. वही शिवणाऱ्याला तो चालतो. घडी घालणाऱ्याला चालत नाही.

हवामानाच्या बाबतीत हा इसम भलताच हळवा. यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेने पसरलेले असतात, आणि दमट हवा लागली की कागद त्या दिशेच्या आडवा जास्त फुगतो. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, घरोघरी कूलर लागतो, आणि माणूस अर्थातच कूलरसमोर बसून घड्या घालतो. माणसाला बरं वाटतं. चौकोन मात्र ओली हवा पिऊन एका बाजूने लांबतो, मऊ पडतो, घडीला धार येत नाही. कूलरपासून दूर न्यावा तर इतका सुकतो की जाड कागद घडीवर तडकतो. पावसाळ्यात तर विचारूच नका. कागद आधी खोलीत तासभर मोकळा ठेवावा, तिथल्या हवेशी त्याची ओळख होऊ द्यावी आणि मगच कामाला घ्यावा. एवढे लाड त्याचे करावेच लागतात.

नेमका पावसाळ्यातच तान्हा पोळा येतो. नागपूर-वर्ध्याकडे त्याचा थाट मोठा, पण अमरावतीतही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून दोरीने ओढत निघतात. अशा वेळी कुणाला तरी कागदाचा बैल करायची हुक्की येते, आणि मग चौकोनाशी खरी बोलणी सुरू होतात.

बैलाला काय काय लागतं? चार पाय, दोन शिंगं, दोन कान, मुस्कट, शेपूट आणि वशिंड. म्हणजे अकरा टोकं. चौकोनाकडे आयते कोपरे चार. बाकीची टोकं कडेतून नाहीतर पोटातून काढावी लागतात, आणि इथे तो पक्क्या व्यापाऱ्यासारखा भाव सांगतो. कोपऱ्यातून टोक काढलं तर त्या लांबीच्या त्रिज्येचं पाव वर्तुळ कागद जातो. कडेतून काढलं तर अर्धं वर्तुळ. मधून काढलं तर अख्खं. टोक तेवढंच लांब, किंमत चौपट. १९९०च्या दशकात जपानचे तोशियुकी मेगुरो आणि अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट लँग यांनी या हिशेबाचं शास्त्रच केलं. चौकोनात वर्तुळं मांडायची, प्रत्येक वर्तुळ म्हणजे एक पाय किंवा एक शिंग, आणि ती एकमेकांवर चढता कामा नयेत. लँग यांनी त्यासाठी संगणकावर ‘ट्रीमेकर’ नावाचा प्रोग्रामही लिहिला.

आता कोपरे द्यायचे कुणाला? पश्चिम महाराष्ट्रातला खिल्लार करायचा तर ते शिंगांना द्यावे लागतील, कारण त्याचा सगळा रुबाब त्या लांब, मागे वळलेल्या शिंगांत आहे. पण वर्धा-नागपूरकडचा आपला गवळाऊ आखूड, बोथट शिंगांचा. त्याच्या शिंगांवर कोपरे उधळायचं काहीच कारण नाही. चारही कोपरे सरळ चार पायांना द्यावेत. मग चारही पाय सारख्या जाडीचे, सारख्या लांबीचे निघतात आणि बैल डगमगत नाही. मुस्कट आणि शिंगं वरच्या कडेतून, शेपूट खालच्या कडेच्या मधून. राहिलं वशिंड. ते ऐन पाठीवर, म्हणजे चौकोनाच्या पोटात. तिथे टोक काढायला गेलात तर अख्ख्या वर्तुळाचा भाव, तेव्हा टोक नकोच. पाठीच्या कण्यावर एक आडवी चुणी घ्यायची आणि ती किंचित वर उचलायची, झालं वशिंड. कान सरळ गाळावेत. माझ्या मते कागदी जनावरं निम्म्याहून अधिक बिघडतात ती कानांच्या हौसेपायी.

यानंतर जाडीचा प्रश्न. साधा झेरॉक्सचा कागद मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा जाड. चार वेळा निम्मा केला की सोळा थर, दीड मिलिमीटरच्या वर. आतले थर बाहेरच्या थरांना ढकलतात आणि सुबक घडी तोंड वासते. त्याला तोड एकच. कड मधल्या रेषेपर्यंत आणताना ती रेषेला भिडवायची नाही, केसभर अलीकडे थांबायचं. पुढे त्याच रेषेवर मोडलं की थरांना वळायला जागा मिळते. अलीकडे किती थांबायचं ते कागदाच्या जाडीवर, आणि ते बोटांनाच कळतं. पतंगाचा कागद घेतला तर ही कटकट कमी, पण वजन पेलत नाही, बैल गुडघे टेकतो. पुण्यात १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेचा चिंध्यांचा कागद कापसाच्या लांब तंतूंमुळे चिवट, फाटता फाटत नाही, पण जाड. त्याचा हत्ती चांगला होतो.

अंगावर नको त्या रेषा दिसणं चौकोनाला अजिबात आवडत नाही. मध्य हवा म्हणून अख्खी घडी घातली तर ती पुढे बैलाच्या पाठीवर वळासारखी उठते. फक्त कडेला चिमटा काढावा, तेवढ्यावर काम भागतं. तिसरा भाग हवा असेल तरीही पट्टी लागत नाही. खालचा एक कोपरा वरच्या कडेच्या मध्यावर नेऊन टेकवा, खालची कड समोरच्या बाजूला जिथे छेदते तिथे वरून बरोबर दोन तृतीयांश अंतर असतं. काझुओ हागा या जपानी जीवशास्त्रज्ञाचं नाव या युक्तीला आहे. त्या घडीत कोपऱ्याशी जो त्रिकोण तयार होतो त्याच्या बाजू तीन, चार, पाच या प्रमाणात असतात. घराचा पाया आखताना गवंडी दोरीने तीन, चार नि पाच फूट मोजून काटकोन काढतो, तोच हा त्रिकोण. चौकोनाच्या पोटात भूमिती किती दडली आहे हे आपल्याकडे टी. सुंदर राव यांनी १८९३ साली मद्रासला छापलेल्या इंग्रजी पुस्तकात दाखवलं होतं, तेही ओरिगामी हा शब्द इथे कुणाच्या कानावर पडण्याआधी. मराठी घरांत हा छंद आवडीचा करणाऱ्यांत डॉ. अनिल अवचटांचं नाव घ्यावंच लागतं.

जपानचे अकिरा योशिझावा यांनी तर कागद थोडा ओलवून घड्या घालायची रीत काढली. ओला कागद वळतो, गोलाई धरतो, आणि वाळला की तसाच कडक राहतो. जनावराच्या मांडीला, पोटाला मांस आल्यासारखं वाटतं. वऱ्हाडच्या मे महिन्यात मात्र डावी मांडी वळवेस्तोवर उजवी वाळून जाते. हे काम पोळ्याच्या दमट दिवसांतच करावं. पाणी ब्रशने लावायचं नाही, ओल्या फडक्याने नुसतं पुसायचं आणि पायांची टोकं कोरडी ठेवायची. ती भिजली की बैल बसलाच म्हणून समजा.

असा सगळा मान राखून गवळाऊ उभा राहतो. चारही खूर जमिनीला, वशिंड जागेवर, पाठ स्वच्छ. आणि गल्लीतलं पोरगं त्याला फिरवून फिरवून पाहतं नि विचारतं, ‘‘याले चाकं काहून नाई जी?’’ प्रश्न रास्त आहे. तान्ह्या पोळ्याच्या बैलाला चाकं लागतातच, त्याशिवाय तो ओढणार कसा? पण चाकं काही चौकोनातून निघत नाहीत. घडी सरळ रेषेतच पडते. चारही कोपरे मोडून गोलाच्या जवळपास जाता येतं, पण ते चाक गडगडत नाही, खडखडतं. तेव्हा पुठ्ठ्याची फळी घ्यावी, तिला बाटलीची चार बुचं लावावीत आणि बैल वर चिकटवावा. डिंक फक्त खुरांना लावावा, आणि तोही अगदी कमी.