कडेचं दिसत नाही

दादा पेपरातल्या छोट्या जाहिराती चष्मा न लावता वाचतो. पायाशी ठेवलेली बादली त्याला दिसत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण नातेवाइकांना त्यातली एकच खरी वाटते.

*

आजाराचं नाव रेटिनायटिस पिगमेंटोझा. आम्ही आर.पी. म्हणतो. दर 4,000 माणसांत साधारण एकाला होतो. हे नाव एकोणिसाव्या शतकात डच डॉक्टर डाँडर्स यांनी रूढ केलं, आणि ते दोन्हीकडून फसवं आहे. ‘आयटिस’ म्हणजे दाह. इथे मूळ दुखणं दाहाचं नाहीच. आणि पिगमेंट, म्हणजे ते काळे डाग, हे कारण नव्हे. दृष्टिपटलातल्या पेशी मेल्या की मागच्या थरातलं रंगद्रव्य आत सरकतं आणि रक्तवाहिन्यांच्या कडेने साठतं. डॉक्टरांनी स्क्रीनवर फोटो दाखवला. पांढऱ्या कपड्यावर शाईचं पेन झटकावं तसे शिंतोडे, सगळे कडेकडेला. मधला भाग स्वच्छ.

*

सुरुवात रातांधळेपणाने झाली. लाइट गेले की आम्ही पोरं अंगणात पळायचो, दादा पायरीवर बसून राहायचा. भित्रा म्हणून चिडवलं आम्ही त्याला. मावशीने गाजरं, पपई, शेवग्याचा पाला, सगळा मारा केला. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडून आलेला रातांधळेपणा त्याने सुधारतो. हा जनुकातला दोष. शेवगा काय करणार?

*

दृष्टिपटलात दोन तऱ्हेच्या पेशी. अंधुक उजेडात काम करणाऱ्या शलाका, सुमारे 12 कोटी. रंग आणि बारकावे टिपणारे शंकू, 60-70 लाख. बहुतेकदा आधी शलाका जातात. मग मधलं आणि अगदी बाहेरचं दिसतं, दोन्हींच्या मध्ये कडं पडतं. ते कडं दोन्हीकडे रुंदावतं. उरते नळी. तीही वर्षानुवर्षं टिकते, आणि मग शंकूही थकतात. सगळ्यांचा वेग सारखा नसतो. काहींना उतारवयातही वाचता येतं.

*

फील्ड टेस्ट. अर्ध्या गोलात हनुवटी टेकवायची, समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवायची, कुठेही दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मी बाहेर बाकावर बसून बटणाचा टकटक आवाज ऐकत होते. बराच वेळ आवाजच नाही. मला वाटलं, मशीन बंद पडलं.

*

हात पुढे ताणून मूठ धरा. मुठीची रुंदी साधारण 10 अंश. 2016च्या दिव्यांग कायद्यानुसार नजरेचा घेर 10 अंशांच्या आत आला की माणूस अंध, मग त्याला अक्षर कितीही बारीक वाचता येवो. एसटीत पांढरी काठी मांडीवर ठेवून दादाने पेपर उघडला, तेव्हा शेजारचा म्हणाला, “वा, बरी सोय आहे.” दादाने पेपराची घडी घातली. मला वाटलं होतं, तो भांडेल.

*

आई-बाबा मामे-आतेभावंडं. आमच्याकडे त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. आर.पी. तऱ्हातऱ्हांनी उतरतो; आमच्या घरी तो अप्रकट प्रकारचा. सदोष जनुकाची एकेक प्रत दोघांकडे, दोघांचीही नजर ठणठणीत. प्रत्येक मुलाला धोका चारात एक. मला आजार नाही, पण ती एक प्रत माझ्याकडे असण्याची शक्यता तीनात दोन. आईला हा हिशेब सांगितला नाही. तिने नव्याने देवाला बोल लावला असता.

*

उपचार? 2017च्या डिसेंबरात अमेरिकेत दृष्टिपटलाच्या आनुवंशिक आजारावरच्या पहिल्या जनुकोपचाराला मान्यता मिळाली, पण तो आरपीई65 या एकाच जनुकाच्या दोषावर, आणि तोही जिवंत पेशी पुरेशा उरल्या असतील तर. आर.पी.ला कारण ठरणारी जनुकं कितीतरी आहेत. म्हणून आधी जनुक चाचणी. मोतीबिंदू झाला किंवा दृष्टिपटलाच्या मध्यभागी पाणी साठलं, तर त्यावर इलाज आहे. ‘आता काय उपयोग’ म्हणून डॉक्टरांकडे जाणं सोडायचं नाही. हमखास गुण देतो म्हणणाऱ्याकडे दादाने आठ महिने आणि एक एफडी घातली. तो विषय घरात निघत नाही.

*

कुणी शेकहँडला हात पुढे केला तर त्याला दिसत नाही; हात नजरेच्या नळीखाली राहतो. समोरच्याला वाटतं, शिष्ट आहे. चहाचंही तेच. आमच्याकडे आलात तर कप मुकाट्याने पुढे करू नका. “दादा, चहा घ्या, उजवीकडे आहे,” एवढं म्हणा.