चातुर्मासातला ट्रंपेट

आषाढी झाली की आमच्या बुऱ्हाणपुरात बँडवाल्यांचे झगमगीत डगले ट्रंकेत जातात. देव झोपले, लग्नं थांबली. गल्लीतला एक पोरगा लगीनसराईत ट्रंपेट वाजवतो आणि एरवी पॉवरलूमवर जातो. लाइट गेली, माग थांबले की ट्रंपेट ऐकू येतो आणि शेजारी ओरडतात, म्हणून भोंग्यात जुना टॉवेल कोंबून सराव करतो. वेड मात्र जॅझचं. लुई आर्मस्ट्राँग त्याला मोबाइलवर भेटला. वरातीत त्याचं काय करायचं, असं बँडमास्तर विचारतात आणि मास्तरांचंही बरोबरच आहे.

"आता सुपारी नाही, कशाला दमतोस?" मी म्हटलं.

"काका, चार महिने ओठ बसू दिले तर कार्तिकात वरचा सूरच लागत नाही."

मला जॅझचा ट्रंपेटवाला चिक चॉकलेट आठवला. नाव ऐकून हसू येतं खरं. हा गोव्यातल्या हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६चा. चर्चच्या शाळेत स्वरलेखन शिकला. पोराने मेकॅनिक व्हावं, अशी आईची इच्छा. ती माउली चुकली, असं मला म्हणवत नाही. चिक वाजवायचा तो हॉटेलांतला नाचही हंगामीच: उन्हाळ्यात साहेबलोक मसुरीला चढले की गोव्याचे वाजवणारे मागोमाग, थंडी पडली की पुन्हा खाली. त्यांचाही चातुर्मास असायचाच, फक्त पंचांगात नसे. १९४५पर्यंत चिकचा मुंबईत स्वतःचा ताफा झाला, तर १९४९मध्ये दारूबंदीचा कायदा आला. प्याले गेले, नाच रोडावला. वाजवणाऱ्यांना सिनेमाच्या स्टुडिओंचा आधार उरला. संगीतकार सी. रामचंद्रांनी चिकला आधीच जवळ केलं होतं. 'अलबेला'तल्या (१९५१) एका गाण्यात तो ताफ्यासकट पडद्यावर दिसतो. आपण बघतो ते भगवानदादांचे पाय!

ते गाणं मी पोराला दाखवलं. त्याने दोनदा पाहिलं. बाह्यांना झालरी लावलेले ते वाजवणारे पाहून खुदकन हसला.

"यांनापण डगले घालायला लावायचे?"

तेवढ्यात लाइट आली. बोळातले माग खडखडू लागले. त्याने भोंग्यातून टॉवेल ओढून काढला.